डाव्या तळहातावर

"गळ्यातलं काढा आजी, मुलाजवळ देऊन ठेवा," असं सिस्टर सहज म्हणाली, दारात आलेल्या पाहुण्याला चपला बाहेर काढा म्हणावं इतकं सहज, आणि पुढच्या खाटेकडे वळली. पण केसरबाईंचा डावा हात जो छातीवर गेला तो तिथंच राहिला. गळ्यात होतं तरी काय? मणी-डोरलं नवऱ्याच्या, अप्पांच्या मागोमाग गेलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून शिवदोऱ्याला बांधलेलं लिंग. लिंगायत वाण्याच्या घरात लेकराला ते पाळण्याआधी बांधतात आणि मेल्यावरही अंगावेगळं करत नाहीत. माणसाला बसवून मूठमाती देतात तेव्हा ते डाव्या तळहातावर ठेवतात. केसरबाईंची आजी सांगायची, पलीकडे गेल्यावर विचारतात, कोण गं तू? तेव्हा बोलायचं काही नसतं, नुसता हात पुढे करायचा. छताचा पंखा सावकाश फिरत होता. त्याचा वारा अंगाला लागायचा, मग जायचा, मग आपलं विसरलेलं काही आठवल्यासारखा परत यायचा. तापात केसरबाईंना वाटलं, हा पंखा नव्हे, कुणीतरी लांबून सुपानं धान्य पाखडतंय, आणि त्यात धान्य नाहीच, नुसते खडे.

चार दिवसांपूर्वी उजव्या बरगडीखाली कळ उठली होती ती पाठीतून निघून खांद्यात जाऊन बसली. युसूफ वडगाव ह्या आपल्या गावाहून केजला, केजहून इकडे अंबाजोगाईला. इथं पोटावर थंडगार काही चोपडून त्यांनी पडद्यावर पाहिलं. पित्ताची पिशवी सुजून तट्ट झाली होती, तोंडाशी खडा अडकला होता, आत पू धरला होता. पिशवीच काढून टाकावी म्हटलं तर पूर्ण भूल द्यायला लागणार, आणि भुलीच्या डॉक्टरांनी केसरबाईंच्या हृदयाचा कागद पाहून चष्मा काढला. सदुसष्ट वर्षांचं हृदय, तेही निम्म्याहून कमी चालणारं. टेबलावरून उठायची नाही ही बाई, असं ते हळू बोलले. पण आजाऱ्याचे कान फार तिखट असतात. मग तो तरुण डॉक्टर आला, सोनोग्राफीवाला. खाटेच्या कडेला टेकून त्यानं केसरबाईंच्या मुलाला, मन्मथला कागदावर चित्र काढून दाखवलं.

"कापाकापी नाही. इथं, बरगड्यांच्या मधून, यकृतातून एक बारीक नळी त्या पिशवीत सोडायची. मशिनीवर बघत बघत. तेवढीच जागा बधिर करायची, आजी जाग्या राहतील. आत साचलंय ते बाहेर आलं की ताप उतरेल."

"विहिरीत मोटरीचा पाइप सोडल्यावानी," मन्मथ म्हणाला.

"तसंच. फक्त ह्या विहिरीत पाणी आहे."

मन्मथ हसला. यंदा कुणी विहिरीतल्या पाण्याचं नाव काढलं की माणसं अशीच हसत होती. लातूरला रेल्वेनं पाणी येतं, हे तो आल्यागेल्याला जत्रेची गोष्ट सांगावी तसं सांगायचा. सहकारी साखर कारखान्यावर तो काट्यावरचा कारकून. उसाच्या गाड्या वजनाला घ्यायच्या. यंदा ऊसच नाही, कारखान्याची चिमणी थंड, म्हणून आईच्या उशाशी बसायला त्याला वेळच वेळ होता.

"धोका?"

"आहे. रक्त जाऊ शकतं, हृदय दगा देऊ शकतं. पण नळी घातली नाही तर त्याहून जास्त आहे. आजी उपासतापास करतात का?"

"उपास?" मन्मथची छाती फुगली. "साहेब, त्रेचाळीस वर्ष झाले, माय एक वेळ जेवती. सांजचा घास तोंडात घेतलेला मी कवा पाह्यला न्हाई. माझ्या नावानं धरलंय तिनं, मी चार महिन्याचा होतो तवापासून."

डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं. "फार वेळ पोट रिकामं राहिलं की पित्त पिशवीत साकळून राहतं. तेच एक कारण असतं असं नाही."

साकळतं. केसरबाई डोळे मिटून तो शब्द जिभेवर फिरवत राहिल्या. रक्त साकळतं, पाणी साकळतं. न बोललेलंही साकळत असेल का?

"माय, दे ना." मन्मथनं ओंजळ पुढे केली होती. मोठी, केसाळ, अप्पांच्यासारखी ओंजळ. "आज तुझी पूजा बी ऱ्हायलीय. पाणी तोंडात घेऊ नका म्हनले न्हाई का सकाळी. दे, मी खाली वट्ट्यावर बसून तुझ्या नावानं करतो."

"न्हाई."

"आत्याबाई, घंट्या-दोन घंट्याची तर गोष्ट हाय," सून गीताबाई म्हणाली. "लगेच बांधू की माघारी."

"न्हाई म्हनले ना."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. म्हातारं माणूस, तापलेलं, सोवळ्याओवळ्याचं. त्यांना तेवढंच दिसत होतं आणि तेवढंच दिसावं अशीच केसरबाईंनी सगळी हयात बेतून आणली होती. पूजा करायची म्हणजे मन्मथ वस्त्र सोडणार. ते वस्त्र केसरबाईंशिवाय कुणी सोडलं नव्हतं. पहाटे, सगळे निजलेले असताना, भिंतीकडे तोंड करून, पदराच्या आत डाव्या तळहातावर ते घ्यायचं, विभूती, थेंब थेंब पाणी, तेच पाणी तीर्थ म्हणून जिभेवर, उरलेलं वाटीत लेकरांसाठी. नवऱ्यानं पाहिलं नाही. सासूनं मरताना पाहिलं नाही. आता मुलाची ओंजळ पुढे होती आणि केसरबाईंना ती ओंजळ चार महिन्यांची दिसायला लागली, मूठ उघडता न येणारी, खडीच्या ढिगाच्या सावलीत फाटक्या लुगड्याच्या झोळीत पडलेली.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत लांबला तेव्हा दुकानातल्या बरण्या आतून पुसून झाल्या होत्या. वाण्याची सून रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला आली म्हणून पहिल्या दिवशी बाया तोंडाला पदर लावून हसल्या, दुसऱ्या दिवशी हसायला कुणाला वेळ नव्हता. डोंगरातला दगड यायचा, ओढ्यातले गोटे यायचे, बाया रांगेनं बसून फोडायच्या. शेजारच्या जागेवर रतनबाई. तिचा हातोडा आणि तोंड बरोबर चालायचं. "वानीनबाई, धाकला दगुड घे की गं, डोंगर फोडाय बसलीस कावून?" घाम इतका यायचा की अंगावरचं सूत कुजायचं. दुपारी सरकारी सुकडी, गूळ घातलेलं भाजलेलं पीठ, वाटायला आली. केसरनं हात धुतले नाहीत, पाणी कुठलं. मातीतच पुसले आणि रीतीप्रमाणे आधी छातीला लावले. तिथं काही नव्हतं. दोरा कुजून गळून गेला होता आणि दोऱ्याबरोबर ते. सकाळपासून फोडलेले तीन ढीग गाड्यांत भरून पुढे ओढ्यावरच्या मोरीकडे गेले होते, आणि मोरीपाशी रोलर फिरत होता. ती ढिगात शिरली. नखं फुटली. काळ्यात काळं काय दिसणार? रतनबाईला वाटलं जोडवं हरवलं. "मंग शोध गं, आधी खा. लेकराकडं बघ, वाळून चाललंय. तुझ्या अंगावर थेंब न्हाई, काय पाजतीस त्याला, वारा?" लिंग अंगावर नसताना अन्नपाणी वर्ज्य, स्वामींनी नवं बांधेपर्यंत. स्वामी, घराण्याचे गुरू, तिकडे कपिलधारला, आणि घरात सासू, जी गावातल्या एका बाईची गोष्ट सांगायची. लिंग हरवलं म्हणून त्या बाईनं पाणी सोडलं आणि सातव्या दिवशी गेली, किती पुण्यवान. झोळीतलं लेकरू रडत नव्हतं. रडायचं थांबलं होतं, हेच वाईट होतं. केसरच्या पायापाशी ओढ्यातला एक गोटा पडला होता. काळा, बोराएवढा, ओढ्याला पाणी होतं त्या काळानं घासून ठेवलेला. तो तिनं उचलला. पदराची चिंधी फाडली, त्यात बांधला, गळ्यात घातला, छातीला हात लावला आणि ती सुकडी खाल्ली. ती सुकडी गोड लागली. पुढं सगळ्या जन्मात तिला हेच सोसलं नाही. पाप केलं ते केलं. पण ते गोड लागलं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. सासूनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, मन्मथच्या नावानं धरलंय. गावात झालं, भावकीत झालं, कपिलधारच्या कार्तिकी यात्रेत स्वामींनी चार माणसांत तिच्याकडे बोट केलं, घरात अशी एक सून असावी. त्या दिवशी तिथला धबधबा भरून कोसळत होता आणि केसरबाईंनी मनाशी म्हटलं, ह्या आवाजात सांगितलं तरी ऐकू जायचं नाही. पुढं किती वर्षं धबधबा कोरडा पडला. खडकाच्या तोंडातून टिपूस निघत नव्हतं, माणसाचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. आणि त्या रस्त्यावरून जाताना, एसटी असो, जीप असो, मोरी आली की त्यांचे हात आपोआप जुळायचे, कारण खाली कुठंतरी, डांबराच्या थरांखाली, खरं ते होतं आणि त्याच्यावरून चाकं चालली होती. माणूस हात जोडतं म्हटल्यावर दुसरंही जोडतं. बघता बघता मोरीच्या कठड्याजवळच्या एका दगडाला कुणी शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला, आणि ट्रकवाले तिथं हॉर्न वाजवून पुढे जायला लागले. परवा रुग्णवाहिकेनंही वाजवला. आडव्या पडलेल्या केसरबाईंनी हात जोडले तेव्हा सुई हलली म्हणून गीताबाई रागावली होती.

आता जर आत गेले आणि उठले नाही. केसरबाईंनी हा विचार शांतपणे केला, चुलीवर काय ठेवलंय हे आठवावं तसा. तर हे सगळे रडतील आणि मग रीतीनं बसवतील, आणि डाव्या तळहातावर हा ओढ्यातला गोटा ठेवतील. पलीकडे विचारतील, कोण गं तू? आणि मी हात पुढे करीन. सांगावं. आत्ताच सांगावं. स्वामींना फोन लावला तर जंगम पुजारी कुणी येईल, नवं बांधेल, शुद्ध होऊन जाता येईल. त्यांनी तोंड उघडलं. "मन्मथ," त्या म्हणाल्या.

"काय गं माय?"

आणि सांगितलं तर? चाळीस वर्षं ह्यानं जेवायच्या आधी माझ्या पायाला हात लावलाय. माझ्या हातचं तीर्थ प्यालाय, ह्याची लेकरं प्यालीत. ते सगळं कशाचं पाणी होतं मग? "काही न्हाई," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात ढकलगाडी आली.

आतल्या खोलीत फार गार होतं. सिस्टर परत तेच म्हणाली, पण तरुण डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाला, "राहू दे. डाव्या हातात धरू दे त्यांना. मला उजवी बाजू लागते." दोरा कापला गेला. केसरबाईंनी मूठ वळली आणि सिस्टरनं, मनाची चांगली होती ती, त्या मुठीवर पांढरी पट्टी गुंडाळून दिली, म्हणजे निसटायला नको. मग बरगडीवर थंडावा, मग मुंगी चावावी तशी सुई, आणि मग तिथं काहीच नाही, स्वतःचीच एवढीशी जागा परक्याची झाल्यासारखी. "आजी, श्वास धरा." त्यांनी धरला. "सोडा." सोडला. "धरा." वर पडद्यावर करड्या रंगाचा पाऊस पडत होता, आणि पावसात एक काळं तळं. तळ्याच्या काठाशी पांढरा ठिपका, त्याच्यामागे लांब सावली. "तो खडा," डॉक्टर कुणालातरी म्हणाला. केसरबाई बघत राहिल्या. हा आतला. कोणत्या काळात घडला हा? रोज संध्याकाळी एक एक घास न खाऊन घडवलेला. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, विभूती लावली नव्हती, आणि तो सगळ्यात इमानी, अंगावेगळा एक क्षण झाला नाही. दाब आला. आत, फार आत, कुणीतरी दार ढकललं. बाया रांगेनं बसल्या होत्या आणि हातोडे खाली येत होते पण आवाज नव्हता. रतनबाई हसून काही म्हणत होती, तिचे ओठ हलत होते. विहीर होती, तळाशी भेगा पडलेली, आणि टँकरचा पाइप वरून आत उतरत होता, सापासारखा, सावकाश, वळणं घेत. काठावर सगळं गाव पोहरे घेऊन उभं. पण पाणी वरून खाली जाण्याऐवजी खालून वर येत होतं. आधी काळं. मग तपकिरी, दाट, काकवीसारखं. "धरा श्वास." डाव्या मुठीत काही गरम होत चाललं होतं, आणि उजव्या कुशीतून काही चाललं होतं, आणि मध्ये कुठंतरी केसरबाई होत्या, हलक्या, पाळण्यासारख्या हलत. पडद्यावरचं तळं आवळत आवळत गेलं. "झालं आजी. नळीचं टोक आत गोल वळून बसलं. आता निघायचं नाही." त्यांना विचारायचं होतं, खडा? खडा निघाला का? पण शब्द जड होते. "तो असू दे तिथं," डॉक्टर आपणहून म्हणाला, "त्याचं पुढं बघू. आधी साचलेलं जाऊ दे."

दिवस गेला, रात्र गेली, त्यांच्या कडा केसरबाईंना नीट दिसल्या नाहीत. जाग आली तेव्हा खिडकीत सकाळ होती आणि अंग ओल्या धडुत्यासारखं थंड, हलकं. ताप नव्हता. उजव्या कुशीतून नळी निघून खाटेच्या कडेला एका पिशवीत गेली होती आणि पिशवीत हिरवं होतं, गडद, हरभऱ्याच्या पाल्यासारखं. डावा हात पांघरुणावर मोकळा पडला होता. पट्टी नव्हती. हातात काही नव्हतं.

उशाशी मन्मथ बसला होता. गीताबाई नळावर रांगेत गेली होती. त्याच्या मांडीवर घामानं भिजलेलं वस्त्र उलगडलेलं होतं आणि त्याच्या डाव्या तळहातावर ते होतं.

"सिस्टरनं दुसरी सुई लावली, मूठ सोडवून माझ्याजवळ दिली," तो म्हणाला. "वस्त्र बदलावं म्हनलं. भिजलं होतं." मग पिशवीकडे पाहून, "सबंद जिल्ह्यात एवढं हिरवं तुझ्यापाशीच ऱ्हायलंय बघ माय." मग, तळहाताकडे बघत, "ह्याच्यावरची काळ्या लेपाची कांती सगळी गेलीय. खालचं नुसतं दगुड दिसतंय. सगळा जन्म पाणी घालतीस, घासून गेली आसंल."

त्यानं दार उघडून धरलं होतं. आसंल, एवढंच म्हणायचं होतं. ह्या जन्मीचं आणि पुढचंही, दोन्ही झाकून गेलं असतं. केसरबाईंनी हिरव्या पिशवीकडे पाहिलं. थेंब नळीत थांबला, फुगला, गेला. मागून दुसरा.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ते लिंगच न्हाई."

त्यांनी सांगितलं. वाटलं होतं फार मोठं आहे, कीर्तनासारखं रात्रभर पुरेल. पाच-सात वाक्यांत संपलं. सुकडी गोड लागली, तेसुद्धा सांगितलं. मन्मथ ऐकत होता. काट्यावर गाडी चढल्यावर काटा थांबेपर्यंत तो जसा बघत राहायचा तसा तळहाताकडे बघत होता.

"मंग मोरीपाशी..." तो म्हणाला.

"हां."

"आन् तिथं समदं गाव नारळ फोडतंय." त्याच्या घशातून एक आवाज आला, हसू म्हणावं तर तसं नव्हतं. "मी बी फोडलाय माय. नोकरी लागली तवा."

"म्हाईत हाय."

"मी चार महिन्याचा होतो?"

"चारच."

"दूध होतं तुला?"

"कुठलं. आठ दिवस थेंब नव्हता." केसरबाई छताकडे बघत होत्या. हे त्यांनी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सुकडीच्या गोडीपाशी येऊन त्या दर वेळी थांबत, पुढं जात नसत. "सुकडी खाल्ली, आन् दिवस मावळायच्या आत पान्हा आला. चोळी भिजली. तू रडलास."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी खोकली. मन्मथनं अंगठ्यानं तो गोटा एकदा उलटा केला, एकदा सुलटा.

"नवं बांधायचं का?" त्यानं विचारलं. "स्वामींला फोन लावू?"

"तू सांग. मला आता कळना गेलंय."

तो उठला. केसरबाईंना वाटलं, गेला. बाहेर जाऊन फोन लावणार. पण त्यानं खाटेखालची पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं, झाकणात पाणी घेतलं; जेवढं मावलं तेवढंच, एक थेंब खाली न सांडता, यंदा सगळ्यांचेच हात असे झाले होते. मग तो खाटेच्या डाव्या बाजूला आला.

"दोन दिसाची पूजा ऱ्हायलीय तुझी," तो म्हणाला. "हात पुढं कर."

केसरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, मागे खिडकी होती. त्यांनी डावा हात पुढे केला. मुलानं त्यांच्या तळहातावर ते ठेवलं. गरम होतं, त्याच्या हातानं. वरून पाणी आलं, थेंब थेंब, आणि तळहाताच्या रेघांतून वाट काढत बोटांशी जमलं. त्यांनी ते जिभेवर घेतलं. मग हात परत पुढे केला, तेव्हा मन्मथनं डोळे मिटून, लहानपणी घ्यायचा तसं, उरलेलं तीर्थ घेतलं.

दुपारी पेज झाली. सिस्टरनं गीताबाईला नळीत सलाइनचं पाणी कसं सोडायचं ते शिकवलं, रोज एकदा, हळू, जोर करायचा नाही. महिनाभर हेच करायचंय. गीताबाई जीभ दातांत धरून शिकली. केसरबाई झोपल्या, उठल्या, परत झोपल्या. ऊन भिंतीवरून चढत चढत छताला गेलं आणि लाल झालं. शेजारच्या खाटेवर कुणी डबा उघडला. मुगाच्या वरणाचा वास आला. केसरबाईंच्या पोटात काही हललं. कळ नव्हती. ही फार जुनी ओळख होती, नाव आठवायला वेळ लागला.

"गीता."

"काय आत्याबाई? दुखतंय का?"

"काही हाय का गं खायला?"

गीताबाईनं खिडकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग सासूकडे. "आत्याबाई," ती हळू आवाजात, लहान लेकराला समजवावं तसं म्हणाली, "सांज झालीय."

"म्हाईत हाय," केसरबाई म्हणाल्या. "वाढ."